सैनिकाच्या मुलांची कॉलेजची फी : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सेवेत मृत्यू पावलेल्या किंवा अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांना महाविद्यालयीन शुल्कातून प्रवेशाच्या वेळीच माफी मिळण्याबाबत

१९७१ च्या युद्धात पश्चिम सीमेवरचा युद्धविराम १७ डिसेंबरच्या रात्री लागू झाला. दुसऱ्याच दिवशी, १८ डिसेंबर १९७१ रोजी, लोकसभेत घोषणा झाली की या युद्धात कामी आलेले, बेपत्ता झालेले आणि अपंगत्व आलेले अधिकारी व जवान यांच्या मुलांच्या शिक्षणाची फी केंद्र सरकार भरून देईल. १९७२ मध्ये त्या घोषणेची योजना झाली. पन्नासहून अधिक वर्षे उलटली, सरकारे बदलली, वेतन आयोग आले आणि गेले. पण सैनिकाच्या मागे राहिलेल्या मुलाला थेट पदवीपर्यंत नेणारी देशातली सर्वांत भक्कम तरतूद आजही हीच आहे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत या मुलांच्या वाट्याला काय येते हे समजून घ्यायचे, तर ही योजना कुठवर पोहोचते आणि कुठे थांबते ते आधी पाहावे लागते.

योजनेत शिक्षण शुल्क पूर्ण मिळते, त्याला वरची मर्यादा नाही. वसतिगृहाचा खर्च मिळतो, शाळेच्या बसचे भाडे किंवा प्रवासाचा पास मिळतो, वह्या-पुस्तकांसाठी वर्षाला २,००० रुपये मिळतात, गणवेशासाठी थोडी रक्कम मिळते. हे सारे पहिल्या पदवीपर्यंत. सरकारी, अनुदानित किंवा केंद्र वा राज्य शासनाची मान्यता असलेल्या संस्थेत शिकणारे मूल या योजनेला पात्र ठरते. कागदावर ही योजना उदार आहे यात शंका नाही. तिची अडचण औदार्याची नाही. ती कोणाला लागू होते आणि पैसे केव्हा हातात पडतात, याची आहे.

पात्रतेचे वर्तुळ फार सावकाश रुंदावत गेले. सियाचीनवरची 'ऑपरेशन मेघदूत' ही मोहीम १३ एप्रिल १९८४ रोजी सुरू झाली. श्रीलंकेत भारतीय शांतिसेना १९८७ ते १९९० या काळात होती आणि तिथे अकराशेहून अधिक भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. या दोन्ही मोहिमांतल्या सैनिकांच्या मुलांना सवलत लागू झाली ती २००३ मध्ये. ज्या मुलाचा बाप जाफन्यात १९८७ साली पडला आणि जे मूल त्याच वर्षी जन्माला आले, ते तोवर दहावीत पोहोचले होते. त्याची मोठी भावंडे कॉलेजच्या वयाची होऊन गेली, काहींचे शिक्षण फीअभावी सुटूनही गेले असेल. मागाहून आलेल्या आदेशाने त्यांची वर्षे परत मिळत नाहीत. देशात आणि देशाबाहेर झालेल्या बंडखोरीविरोधी मोहिमांतल्या मृत व अपंग सैनिकांच्या मुलांचा समावेश २०१० मध्ये झाला. काश्मीर आणि ईशान्य भारतात तोवर किती वर्षे माणसे पडत होती, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही फौजी गावाला सांगावे लागत नाही.

मग २०१७ आले. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर १ जुलै २०१७ पासून शिक्षण शुल्क आणि वसतिगृह मिळून महिन्याला १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. संसदेत दिलेल्या उत्तरातून तिचा हिशेब समोर आला : देशभरातले लाभार्थी सुमारे ३,४००, मर्यादेचा फटका बसलेले सुमारे २५०, आणि सरकारची वर्षाची बचत सुमारे ३ कोटी २० लाख रुपये. एवढ्या रकमेसाठी १९७१ चे वचन तोकडे केले गेले. नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहून ही मर्यादा उठवण्याची विनंती केली; माजी सैनिकांच्या संघटनाही गप्प बसल्या नाहीत. मार्च २०१८ मध्ये मर्यादा मागे घेतली गेली.

त्या हिशेबातली एक गोष्ट महाराष्ट्राच्या उच्च शिक्षण खात्याने ध्यानात घेण्याजोगी आहे. महिन्याला दहा हजार म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. बहुतेक शाळांची फी त्यात बसते. बसत नाही ती वसतिगृहात राहून शिकणाऱ्या अभियांत्रिकी, वैद्यकीय, वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याची. म्हणजे सवलतीला कात्री लागली की पहिला घाव कॉलेजवर बसतो. सैनिकाच्या मुलाची शाळा या ना त्या मार्गाने निभावून जाते. आर्मी स्कूल असते, केंद्रीय विद्यालय असते, गावची जिल्हा परिषदेची शाळा असते. बारावीनंतर मात्र आकडा एकदम लाखात जातो, आणि नेमका त्याच टप्प्यावर घरात कमावता माणूस नसतो.

आता मूळ प्रश्न. सैन्याच्या दफ्तरी मृत्यू आणि अपंगत्वाचे दोन मोठे कप्पे आहेत : 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी'. शत्रूशी लढताना, दहशतवाद्यांशी चकमकीत किंवा अधिसूचित मोहिमेच्या क्षेत्रात ओढवलेला मृत्यू पहिल्या कप्प्यात जातो. सरावाच्या वेळी फुटलेला गोळा, घाटात कोसळलेली लष्करी गाडी, पाणबुडीतला स्फोट, पूरग्रस्तांना बाहेर काढताना वाहून गेलेला जवान, नोकरीतच जडलेला आजार हे सारे सहसा दुसऱ्या कप्प्यात. निवृत्तिवेतनाच्या नियमांत ही विभागणी आणखी बारीक होते. तिथे 'अ' ते 'इ' असे पाच वर्ग आहेत. 'अ' मध्ये सेवेशी संबंध नसलेली नैसर्गिक कारणे, 'ब' मध्ये सेवेमुळे झालेले किंवा बळावलेले आजार, 'क' मध्ये कर्तव्यावरचे अपघात, 'ड' मध्ये हिंसाचारातले बळी आणि 'इ' मध्ये युद्ध व शत्रूची कारवाई. १९७१ ची शैक्षणिक सवलत लढाईतल्या हानीच्या कप्प्याला चिकटून आहे. 'ब' आणि 'क' वर्गातल्या सैनिकाचे मूल तिच्या बाहेर राहते.

पेन्शनमध्ये वर्गवारी असणे समजू शकते. लढाईत पडलेल्या सैनिकाच्या पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन म्हणून शेवटच्या वेतनाइतकी रक्कम मिळते, सेवेमुळे पण लढाईबाहेर मृत्यू आल्यास विशेष कुटुंब निवृत्तिवेतन म्हणून वेतनाच्या ६० टक्के, आणि सेवेशी संबंध नसलेल्या मृत्यूत सर्वसाधारण ३० टक्के. समोरासमोर मृत्यू पत्करणाऱ्याचा मान वेगळा राखावा, ही भावना कोणी नाकारणार नाही. पण शिक्षणाच्या बाबतीत या वर्गवारीचा परिणाम उफराटा होतो. ज्या घरात पेन्शन पूर्ण येते त्या घराला फीसुद्धा परत मिळते. ज्या घरात पेन्शनच ६० टक्के येते त्या घराला फीही पदरची भरावी लागते. अधिक गरज असलेल्या मुलाला कमी मिळते. बाप कशाने गेला यावरून आईची पेन्शन ठरत असेल. मुलीने इंजिनीअर व्हायचे की नाही हेही त्यावरून ठरावे, याला कसलाच आधार नाही.

महाराष्ट्राला हा भेद दूरचा नाही. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'आयएनएस सिंधुरक्षक' या पाणबुडीत स्फोट झाले आणि आतले १८ नौसैनिक मृत्युमुखी पडले. २०१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराला लागलेल्या आगीत लष्करी अधिकाऱ्यांसह अग्निशमन कर्मचारी जळून मेले. दोन्ही ठिकाणी समोर शत्रू नव्हता, कर्तव्य मात्र होते. देवळालीचे तोफखाना केंद्र, अहिल्यानगरचे चिलखती दलाचे केंद्र, खडकीचे बॉम्बे सॅपर्स, पुण्याजवळची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी : सैन्याच्या प्रशिक्षणाचा केवढा तरी भाग या राज्यात चालतो. खरा दारूगोळा वापरून होणाऱ्या सरावात जो धोका असतो तो सैन्याला ठाऊक असतो, जवानालाही ठाऊक असतो. त्या धोक्याची किंमत मुलाच्या फीपर्यंत पोहोचू नये, एवढेच मागणे आहे.

अपंगत्वाची बाजू याहून गुंतागुंतीची आहे आणि तिच्याकडे लक्षही कमी जाते. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते तेव्हा पालकमंत्री येतात, मानवंदना होते, वीरपत्नीचे नाव वर्तमानपत्रात छापून येते. कंबरेखाली लुळा झालेला जवान रुग्णवाहिकेतून घरी येतो तेव्हा यातले काही घडत नाही. पुणे हे अशा सैनिकांचे देशातले मोठे ठिकाण. १९४४ मध्ये सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र इथे आहे. अपंग सैनिकांना हाताला काम शिकवणारी, १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट खडकीत आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रही १९७४ पासून खडकीतच आहे. कण्याची इजा बंदुकीच्या गोळीने होते तशी उलटलेल्या ट्रकनेही होते, आणि शरीराला दोन्हींतला फरक कळत नाही.

अशा घरातला दिवस कसा जातो, हे फीचा विचार करताना डोळ्यांसमोर असायला हवे. कण्याला इजा झालेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला, नितंबांना जखमा होतात आणि त्या महिनोन्महिने भरत नाहीत. लघवीची नळी, पिशवी, मूत्रमार्गाचा संसर्ग, ताप, पुन्हा कमांड हॉस्पिटलची फेरी. हे सगळे बायको करते. तिला बाहेर नोकरी करणे जवळपास अशक्य होते, म्हणजे घरातली दुसरी कमाईही बंद होते. पेन्शन येते, उपचार मोफत होतात. पण मुलगा बारावीला चांगले गुण मिळवतो आणि कॉलेजची यादी समोर येते, तेव्हा शिल्लक कशातून काढायची? 'क' वर्गात बोर्ड आउट (वैद्यकीय कारणाने सेवामुक्त) झालेल्या अशा जवानाच्या मुलाला १९७१ च्या योजनेतून एक रुपया मिळत नाही.

केंद्राचीच दुसरी एक योजना हा भेद इतका कठोरपणे पाळत नाही, हे इथे नोंदवले पाहिजे. २००६-०७ पासून केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत चालणारी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना दरवर्षी ५,५०० मुलांना मिळते, मुली व मुलगे निम्मे-निम्मे. तिच्या प्राधान्यक्रमात लढाईतल्या मृत आणि अपंग सैनिकांनंतर लगेच, लष्करी सेवेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलेल्यांची मुले धरलेली आहेत. म्हणजे ही मुले वेगळी दखल घेण्याजोगी आहेत, हे केंद्राला मान्य आहे. पण ती शिष्यवृत्ती आहे, शुल्कमाफी नाही. २०१९ मध्ये दर वाढल्यावर मुलींना महिन्याला ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळू लागले. वर्षाचे ३६,००० आणि ३०,०००. बारावीला किमान ६० टक्के हवेत, अभ्यासक्रम व्यावसायिक हवा. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची मुले तिच्यात बसत नाहीत. संरक्षणमंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतले शिक्षण अनुदान महिन्याला १,००० रुपये होते, ते नोव्हेंबर २०२५ पासून २,००० झाले. स्वागत करावे अशीच वाढ आहे. बिनअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयाची वर्षाची फी लाखाच्या वर आणि वैद्यकीय महाविद्यालयाची त्याच्या कित्येक पट असताना, ही रक्कम मेस आणि झेरॉक्समध्ये संपते.

जागेच्या बाबतीत राज्याने आपला वाटा उचलला आहे. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत (कॅप) संरक्षण प्रवर्गासाठी ५ टक्के, एका संस्थेत जास्तीत जास्त ५ जागा असतात. मात्र त्या सर्वच आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी आहेत आणि त्या मिळाल्या तरी फी सुटत नाही. जागा आणि फी हे दोन वेगळे दरवाजे आहेत. पहिला उघडून दुसरा बंद ठेवला, तर मूल उंबऱ्यावरच उभे राहते.

तो दुसरा दरवाजा प्रत्यक्षात कसा बंद राहतो हे प्रवेशाच्या आठवड्यात दिसते. कॅप राउंडची यादी लागते, सीट अलॉट होते, कॉलेजात रिपोर्टिंगसाठी मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत खिडकीवर पैसे भरावे लागतात. पावतीवर शिक्षण शुल्क असते, विकास शुल्क असते, परीक्षा, ग्रंथालय, जिमखाना, अनामत असे रकाने असतात. केंद्राच्या योजनेला पात्र असलेल्या मुलालासुद्धा त्या दिवशी पूर्ण रक्कम भरावी लागते, कारण योजना परताव्याची आहे : आधी भरा, मग मूळ पावत्या, बोनाफाइड आणि प्राचार्यांचा सही-शिक्का जोडून दावा करा, मग पैसे येतील. ते येईपर्यंत पुढच्या सत्राची फी दारात येते. मधला काळ पतसंस्थेच्या कर्जावर, गहाण टाकलेल्या पाटल्यांवर किंवा दिराकडून घेतलेल्या उसनवारीवर निघतो. व्याज कोणी परत देत नाही. आणि ज्यांना पतसंस्थाही उभी करत नाही त्यांची मुले अलॉट झालेली सीट सोडून जवळच्या अनुदानित कॉलेजात साध्या पदवीला बसतात. सरकारदरबारी ही गळती कुठेही उमटत नाही, कारण त्यांनी दावाच केलेला नसतो.

कागदपत्रांचा भाग वेगळाच. मुलाचे नाव वडिलांच्या सेवापुस्तकात 'पार्ट टू ऑर्डर' या नोंद-आदेशाने चढलेले असावे लागते. अनेकदा जवान सीमेवर असताना मूल जन्मलेले असते, नाव तारेने किंवा फोनवरून कळवलेले असते, आणि रेकॉर्ड ऑफिसच्या कारकुनाने ते ऐकू आले तसे लिहिलेले असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, सैन्याच्या कागदावर आडनावच नाही. एकीकडे आईचे माहेरचे नाव, दुसरीकडे सासरचे. जन्मतारखेत दोन महिन्यांचा फरक. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे पत्र, आणि वडिलांच्या पलटणीचे रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या कुटुंबाला बेळगावशी पत्रव्यवहार करावा लागतो, महार रेजिमेंटच्या कुटुंबाला मध्य प्रदेशातल्या सागरशी. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथल्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात प्राण दिले, निदान शेजारचा एखादा निवृत्त सुभेदार सांगणारा असतो की कुठला फॉर्म कुठे द्यायचा. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या, फौजेत एकच पोरगा गेलेल्या गावात हे सांगायलाही कोणी नसते.

हे सोडवायला नवे यंत्र बनवावे लागत नाही. ते उच्च व तंत्रशिक्षण विभागाने स्वतःच बनवून ठेवले आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळाली. तो निर्णय एकाच खात्यापुरता राहिला नाही. वैद्यकीय आणि कृषी शिक्षणालाही लागू झाला. फीचा माफ भाग महाविद्यालयाने विद्यार्थिनीकडे मागायचा नाही, तो शासनाकडून घ्यायचा, हे त्यातले मुख्य तत्त्व. काही महाविद्यालये तरीही आधी पैसे मागतात अशा तक्रारी आल्या. पण तत्त्व कागदावर असल्यामुळे तक्रार करण्याला जागा आहे. माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी शैक्षणिक सवलतीची एक योजना राज्याच्या महाडीबीटी पोर्टलच्या यादीत आधीपासून आहे. नाव आहे, पोर्टल आहे, शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली प्रत्येक महाविद्यालयाची फी आहे. जोडायचे राहिले आहे ते एवढेच की सेवेत मृत्यू किंवा अपंगत्व आलेल्या सैनिकाचे मूल हा स्वतंत्र निकष व्हावा, त्याला उत्पन्नाची आणि प्रवर्गाची अट नसावी, मुलगा-मुलगी भेद नसावा.

अन्यत्र हे असेच चालते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात हेझलवूड कायद्याखाली, सेवेत मृत्यू आलेल्या किंवा पूर्ण अपंग झालेल्या सैनिकाच्या मुलाला सरकारी महाविद्यालयात १५० क्रेडिट तासांपर्यंत शिक्षण शुल्क भरावेच लागत नाही. संघराज्यातल्या एका राज्याने स्वतःच्या बळावर केलेली ही तरतूद आहे. तिथल्या केंद्र सरकारच्या फ्राय शिष्यवृत्तीत ११ सप्टेंबर २००१ पासून कर्तव्यावर मृत्यू आलेल्या सैनिकाच्या मुलाची फी थेट महाविद्यालयाच्या खात्यात जमा होते, कुटुंबाच्या हातून जात नाही. ब्रिटनने २०११ मध्ये अशा मुलांसाठी सुरू केलेली शिष्यवृत्ती योजना १९९० पासूनच्या, सेवेमुळे झालेल्या सर्व मृत्यूंना लागू केली. या तिन्ही ठिकाणी निकष सेवेचा आहे, रणांगणाचा नाही.

महाराष्ट्राचा शासन निर्णय कसा असावा, याचे तपशील आता मांडता येतात. सैनिक कल्याण विभाग सामान्य प्रशासन विभागाकडे, अभियांत्रिकी उच्च व तंत्रशिक्षणाकडे, वैद्यकीय वेगळ्या खात्याकडे, अशी मुलांची वाटणी झालेली आहे; त्यामुळे २०२४ प्रमाणे सर्व खात्यांना बांधणारा एकच निर्णय हवा. पात्रता 'बॅटल' आणि 'फिजिकल' अशी न ठेवता, सेवेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवले असे सैन्याच्या कागदावर नमूद असणे एवढीच ठेवावी. म्हणजे 'ब' ते 'इ' हे सर्व वर्ग आत येतील. पात्रतेची पडताळणी कॉलेजच्या कारकुनाने करू नये. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याने मूल अकरावीत असतानाच एकदा प्रमाणपत्र द्यावे, नाव-जन्मतारखेच्या दुरुस्त्या त्याच दोन वर्षांत उरकाव्यात, आणि सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या अर्जात तो प्रमाणपत्र क्रमांक टाकला की सीट अलॉट होतानाच पत्रावर शुल्क शून्य दिसावे. विकास शुल्कही माफीत धरावे, कारण बिनअनुदानित महाविद्यालयात तो रकाना लहान नसतो आणि पावतीवरच्या रकान्यांपैकी केंद्राकडून शिक्षण शुल्कच परत मिळते.

ज्या मुलांना केंद्राची १९७१ ची योजना लागू आहे त्यांच्यासाठी राज्याने आधी माफी द्यावी आणि परताव्याचा दावा स्वतः संरक्षण मंत्रालयाकडे करावा. केंद्र पैसे देतेच आहे. ते विधवेच्या फाइलऐवजी दोन सरकारांच्या हिशेबातून फिरावेत, इतकाच बदल. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याला तीन महिने थांबणे परवडते, सैनिकाच्या पत्नीला परवडत नाही. मग राज्यावर निव्वळ भार उरतो तो केंद्राच्या वर्तुळाबाहेरच्या मुलांचा. २०१७ मध्ये साऱ्या देशातले लाभार्थी ३,४०० होते हे ध्यानात घेतले, तर एका राज्यातली ही संख्या, बाहेर राहिलेल्या वर्गांसकट, अर्थसंकल्पाला जड जाईल अशी असूच शकत नाही. दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीसाठी शाळा-कचेऱ्यांतून पैसे गोळा होतात आणि त्यातून या कुटुंबांना मदतही मिळते. पण पदवीची फी हा निधीच्या औदार्याचा विषय राहू नये, तो हक्काचा व्हावा.

दोन फटी मात्र निर्णय लिहितानाच बुजवाव्या लागतील. पहिली, पदव्युत्तर शिक्षणाची. केंद्राची सवलत पहिल्या पदवीवर थांबते. एम.बी.बी.एस. करणाऱ्या मुलाला ती साडेपाच वर्षे पुरते आणि बी.एस्सी. करणाऱ्याला तीन वर्षांत संपते. संशोधनाकडे जाऊ पाहणाऱ्या मुलीला एम.एस्सी.ची फी पुन्हा पदरची. राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत पदव्युत्तर फी तुलनेने कमी आहे, तेव्हा निदान तिथे माफी दुसऱ्या पदवीपर्यंत नेणे अवघड नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठे २०२४ च्या निर्णयात वगळली गेली होती. मान्यता देताना त्यांच्याकडून अशा मुलांसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात काही जागा विनाशुल्क मागून घेता येतील.

दुसरी फट पुढच्या काळातली आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. लष्कराच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले, त्यांची चार वर्षे २०२७ च्या आरंभी पूर्ण होतात. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सेवेत अपंगत्व आल्यास त्याला प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकरकमी मिळतात. महाराष्ट्रातून भरती झालेल्या या मुलांची लग्ने व्हायची आहेत, मुले व्हायची आहेत. ती कॉलेजात जातील तेव्हा बापाची एकरकमी भरपाई केव्हाच खर्ची पडलेली असेल. शासन निर्णयात पात्रता 'माजी सैनिकाचे पाल्य' अशी लिहिली, तर ही मुले बाहेर राहतील. तिथे 'संरक्षण दलांत कोणत्याही स्वरूपाची सेवा करताना मृत्यू किंवा अपंगत्व आलेल्या व्यक्तीचे मूल' अशी व्याख्या घालावी आणि हा निर्णय पुढील शैक्षणिक वर्षाच्या कॅपचे वेळापत्रक जाहीर होण्याआधी निघावा.